चार वेळा

ग्रीक माणसं माझ्या आयुष्यात आली ती अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या लायब्ररीतल्या फुकट कॉफीमुळे. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि बायकोचं विसरणं सुरू होऊन पाच. दर मंगळवारी सकाळी लायब्ररीच्या तळमजल्यावर दहा-बारा म्हातारी माणसं जमून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान वाचतात, अशी पाटी मी दारावर पाहिली. खाली 'कॉफी मिळेल' असंही लिहिलं होतं. हिला घेऊन बाहेर पडायला काहीतरी ठिकाण हवंच होतं. मॉलमध्ये ती घाबरायची. देवळात गेलं की भेटणारा प्रत्येक जण तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन 'काकू, मला ओळखलंत का?' असं विचारायचा. आजारी माणसाची तोंडी परीक्षा घ्यायची ही आपल्या लोकांची खोड मला कधीच सहन झाली नाही. लायब्ररीत कोणी काही विचारत नव्हतं. ती खिडकीपाशी कोट घालून बसायची आणि मी टेबलापाशी.

मी भूलतज्ज्ञ. नागपूरला शिकलो आणि इथे येऊन छत्तीस वर्षं लोकांना भूल दिली. देवधर्म सगळा हिच्याकडे होता. गणपती बसवायची ती, उपास करायची ती, मी मोदक खायचो. आत्म्याबद्दल माझं मत अगदी साधं होतं. हजारो माणसांची शुद्ध मी स्वतःच्या हातानं घालवली आणि परत आणली, मधल्या वेळात कोणाचा आत्मा कुठे हिंडून आल्याचं मला दिसलं नाही. आमच्या धंद्यात एकच गोष्ट खरी, आणि ती मी दर वर्षी नव्या शिकाऊ डॉक्टरांना ऐकवायचो. पेशंट बोलत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही असा नाही. नाडी बघा, डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी बघा. ती शिकाऊ मुलं माझ्या पाठीमागे या वाक्याची नक्कल करायची, इतकं मी ते घोकलं होतं.

वाचन घेणाऱ्या बाई विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या पुढच्या, बर्फातसुद्धा बसनं येणाऱ्या. त्यांनी आम्हाला आधी शिडी शिकवली. एका सुंदर देहावर जीव जडतो, मग कळतं की सौंदर्य सगळ्याच देहांत आहे, मग ते मनात दिसायला लागतं, मग ज्ञानात, आणि शेवटच्या पायरीवर नुसतं सौंदर्य उरतं, ज्याला देह नाही, नाव नाही. आत्म्याला पूर्वी पंख होते, तो खाली पडला, आणि सुंदर काही दिसलं की त्या पंखांच्या जागी खाज सुटते, असंही त्या ग्रीकांचं म्हणणं. हे ऐकून मी हसलो होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना वाटलं मला ठसका लागला.

पण पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या शिडीच्याही पुढे गेलो. त्यानंतर कित्येक शतकांनी रोममध्ये राहून शिकवणारा एक तत्त्वज्ञ आला, त्याचं वाचायला घेतलं. तो म्हणायचा, सगळ्याच्या पलीकडे एकच एक आहे आणि आत्मा तिथूनच आला आहे. परत जायचं तर नवीन काही मिळवायचं नसतं, अंगावरचं काढून टाकत जायचं असतं. गाभाऱ्यात जाणारा माणूस जसा एकेक वस्त्र बाहेर ठेवतो, तसं. या माणसाला देह असल्याचीच लाज वाटे म्हणे. स्वतःचं चित्र काढू द्यायचा नाही, खायचा अगदी थोडं. शिष्यानं लिहून ठेवलंय की तो गुरूजवळ होता तेवढ्या वर्षांत गुरूला ते एकरूप होणं चार वेळा साधलं. चारच वेळा. मला हा आकडा फार आवडला. थापा मारणाऱ्या शिष्यानं 'रोज' म्हटलं असतं.

त्या दिवशी मी वर पाहिलं तर ही खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, पार्किंगमधला काळा झालेला बर्फ होता. पण ती पापणी न हलवता बघत होती, आणि माझ्या डोक्यात तो विचार तेव्हा आला.

तिचं पहिल्यांदा इंग्रजी गेलं होतं. चाळीस वर्षं या देशात राहून शिकलेलं, बँकेत नोकरी केलेलं इंग्रजी एका वर्षात धुऊन निघालं. मग माणसांची नावं गेली, आधी नातवंडांची, मग मुलीचं, मग माझं. तसं माझं नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं, पण 'अहो'सुद्धा गेलं. मग स्वयंपाक, मग वेणी, मग देव. एके दिवशी गणपतीची मूर्ती हातात घेऊन ती हे काय आहे म्हणून बघत राहिली. आता मराठीही जवळजवळ संपलं होतं. उरलं होतं ते हे बघणं. मी मनाशी म्हटलं, हा माणूस म्हणतो तेच तर चाललंय. एकेक वस्त्र बाहेर ठेवलं जातंय.

मला कोणी हसू नये. सहा वर्षं रोज एक माणूस थोडं थोडं नाहीसं होताना बघा, आणि मग हसा. त्याला काहीतरी अर्थ असावा असं मला वाटत होतं, नव्हे, हवंच होतं. ती कुठेतरी जाते आहे असं मानलं की सकाळी तिचे कपडे बदलणं जमायचं.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, खिडकीकडे जरा वेळ बघितलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टर, तो स्वतः उतरवतो. त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही. हे दोन्ही एक नव्हे." मी म्हटलं, बाहेरून बघणाऱ्याला फरक कसा कळणार? त्या म्हणाल्या, "बाहेरून बघणाऱ्याला बहुतेक कळतच नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर जपून असते." मला राग आला. म्हातारीला नवरा नाही, मूल नाही, तिला काय कळणार, असं मनात म्हणत मी हिचा हात धरून घरी आलो.

गॅरेजमध्ये एका खोक्यात जुने तक्ते पडले होते. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञ दर पाच मिनिटांनी ज्यावर नाडी आणि रक्तदाब टिपतो, तसले. हॉस्पिटलनं कॉम्प्युटर आणले तेव्हा ते फेकून देणार होते, मी दोन गठ्ठे उचलून आणले. आपण कुठल्याही फुकट कागदाला नाही म्हणत नाही. त्या तक्त्यांवर मी हिची नोंद ठेवायला सुरुवात केली. सकाळी नाश्त्यानंतर ती खिडकीपाशी बसली की मी शेजारी बसायचो, मनगट धरायचो आणि ठिपके मांडायचो. खालच्या ओळीत लिहायचो, किती वेळ पापणी हलली नाही, चेहरा कसा होता. मनगट धरणं तिला चालायचं. कपडे-आंघोळीच्या कामापलीकडे आमच्यात उरलेला तेवढाच एक स्पर्श होता.

पुढच्या दिवाळीनंतर तिनं खाणं कमी केलं. पोळी बाजूला सारायची, भात दोन घास. दात घासायला गेलं की ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. मी दोन-तीन दिवस झटापट केली आणि सोडून दिलं, नुसती चूळ भरायला लावायचो. तक्त्यावर लिहिलं, 'अन्नावरची वासना सुटत चालली आहे. देहाची निगा नकोशी.' तोंडाला वास यायचा. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला येतोच, असं म्हणून मी तो सोडून दिला.

मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. दर रविवारी व्हिडिओवर यायची, गाडीत नाहीतर मुलांच्या कुठल्यातरी क्लासबाहेर.

"बाबा, शी लुक्स थिन. वजन चेक केलंत का?"

"या स्टेजला होतंच तसं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मीच डॉक्टर आहे."

"बाबा, यू आर हर हजबंड," ती म्हणाली. मी फोन आईकडे वळवला. आईनं स्क्रीनकडे बघितलं आणि मग त्याच्या मागच्या भिंतीकडे.

डिसेंबरमध्ये एका सकाळी मी मनगट धरून बसलो होतो, तेव्हा तिनं मनगट सोडवून घेतलं, माझा हात दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. वर्षभरात तिनं आपणहून मला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. भिंतीकडे किंवा बर्फाकडे नाही, माझ्याकडे. तिच्या डोळ्यात पाणी होतं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंही असल्या गोष्टी करणारे नव्हतो, मी तर नव्हतोच. मी हात तसाच ठेवून बसलो. मग ती थकली आणि तिनं तो खाली सोडला. मी तक्त्यावर वेळ लिहिली.

असं चार वेळा झालं. दोनदा डिसेंबरात, दोनदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. चौथ्या वेळी तिनं इतक्या जोरानं हात दाबून धरला की माझ्या अंगठीचा वळ तिच्या गालावर उमटला. चार हा आकडा पूर्ण झाला तेव्हा माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा आला. नाडीसुद्धा साक्ष देत होती. ऑक्टोबरात बहात्तरच्या आसपास असलेले ठिपके वर चढत चढत शंभराच्या पुढे गेले होते. मी त्या ठिपक्यांना रेघेनं जोडलं, आणि ती रेघ चढणीसारखी दिसत होती म्हणून मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. मला आनंद झाला.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला ज्येष्ठांपैकी कोणीतरी पंधरा मिनिटं बोलायचं अशी प्रथा आहे. लोक बहुधा मृत्युपत्र कसं करावं यावर बोलतात. मी म्हटलं, मी ग्रीकांच्या आत्म्यावर बोलतो. शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलेलं, दाराशी बुटांचा ढीग, साड्यांच्या काठांना बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग. हिला मी पहिल्या रांगेत बसवलं. काळी साडी नेसवली होती, म्हणजे यूट्यूबवर बघून कशीबशी गुंडाळली होती.

मी शिडी सांगितली, पंख सांगितले, रोमचा तो गुरू सांगितला. मग म्हणालो की मला हे पुस्तकात नाही, घरात दिसलं, आणि हिचं सांगितलं. चार वेळा गालावर ठेवलेल्या हाताचंही सांगितलं.  समोर पुरुषांनीसुद्धा डोळे पुसले. अशा वेळी आपले लोक काय करतात? टाळ्या वाजवून थांबत नाहीत. एक बाई उठली आणि हिच्या पाया पडली. मग दुसरी. मग रांगच लागली. 'काकू म्हणजे योगिनी आहेत,' असं कोणीतरी म्हणालं. एकानं फोटो काढला. ही खाली वाकणाऱ्या डोक्यांकडे बघत होती आणि तिच्या हातावर प्रत्येक जण तिळगूळ ठेवत होता. एक लाडू मी माझ्या हातानं तिच्या तोंडात घातला.

लोक जेवायला गेल्यावर वाढपाच्या टेबलावरची एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, नागपूरचीच, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, कडेवर वर्षाचं बाळ. ती पाया पडली नव्हती. मला वाटलं आता पडेल.

"काका, सॉरी हं, एक विचारू? काकूंनी लाडू अजून चावलाच नाहीये. अर्धा तास होऊन गेला, डाव्या गालात तसाच धरून ठेवलाय."

"तिचं खाण्यातलं लक्षच गेलंय," मी म्हटलं.

"हो, ते ऐकलं मी." ती घुटमळली. "तुम्ही म्हणालात ना, चार वेळा हात गालावर ठेवला. काका, कोणता गाल?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे दर वेळी तोच का? नाही, हा माझा, त्याला दात येताना, असंच करायचा. माझा हात ओढून गालाला लावायचा. सांगता येत नाही ना त्यांना, यार."

मी आठवून बघितलं. आठवायचीही गरज नव्हती, मी ते लिहून ठेवलं होतं. "उजवा," मी म्हटलं. "चारही वेळा उजवा."

आम्ही हिला कोपऱ्यात नेलं. त्या मुलीनं बाळ दुसऱ्या कोणाकडे दिलं आणि फोनचा टॉर्च धरला. भूल देण्याआधी माणसाचं तोंड उघडून आत बघणं, कुठला दात हलतो, कुठे सूज आहे ते तपासणं, हे मी छत्तीस वर्षं रोज केलं होतं. हिच्या हनुवटीवर अंगठा ठेवून मी जबडा खाली ओढला. ती ओरडली. तो आवाज ऐकून जेवणाच्या रांगेतले लोक वळले. उजवीकडे अगदी मागे, खालच्या दाढेभोवती हिरडी टम्म फुगून काळी-जांभळी झाली होती आणि कडेनं पू येत होता. डाव्या गालात लाडू होता.

त्याच संध्याकाळी तातडीचं काम घेणाऱ्या एका दातांच्या दवाखान्यात दाढ काढली. तिथली डॉक्टर तरुण होती, नम्र होती. तिनं एवढंच विचारलं, किती दिवसांपासून आहे? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, बरेच आठवडे, कदाचित दोन महिने. हे भयंकर दुखतं, चांगले तगडे पुरुष रडतात. मग ती माझ्याकडे बघून थांबली आणि मी डॉक्टर असल्याचं तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

घरी येऊन मी ते तक्ते जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. कुठल्याही शिकाऊ पोरासमोर टाकले असते तर त्यानं एका नजरेत सांगितलं असतं. नाडी बहात्तर, चौऱ्याऐंशी, शहाण्णव, एकशे चार. डोळ्यात पाणी. खाणं बंद. तोंडाला हात लावू देत नाही. हे चढणं कशाचं असतं हे मी किती जणांना शिकवलं होतं! ते नाडीचे ठिपके माझ्याच हातचे होते, मनगट मीच धरलं होतं. त्या दोन महिन्यांत ती खिडकीबाहेर बघत होती कारण दुखताना माणूस कुठेतरी बघत बसतो. ती कुठेही चालली नव्हती. ती अख्खी त्या एका दाढेत होती, तिथून तिनं मला चार वेळा बोलावलं, आणि मी वेळ लिहून घेतली.

फ्रीमाँटला मुलीला फोन केला. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "ती तुमच्याकडेच आली ना, बाबा. शी स्टिल न्यू हू टु आस्क." मी फोन ठेवला. ती हे माझ्या समाधानासाठी म्हणाली होती, पण त्यात समाधान कुठे होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

लायब्ररीत मी पुन्हा गेलो नाही. मंडळातल्या कोणाकोणाचे अजून फोन येतात, काकूंचं दर्शन घ्यायचं आहे म्हणून. मी खरं काय ते सांगतो. ते म्हणतात, काका, तो तुमचा मोठेपणा. एकानं त्या दिवशीचा फोटो मोठा करून पाठवला. त्यात ही काळ्या साडीत बसलेली आहे, हातात तिळगुळाचा ढीग आहे, आणि डोळे पाण्यानं भरलेले आहेत.

दाढ गेल्यावर ती पुन्हा खायला लागली. नाडी चौऱ्याहत्तरवर आली. नंतरच्या दोन महिन्यांत बघणंही गेलं. आता डोळे उघडे असतात, पण ते कशावर टेकत नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसवलं काय, भिंतीकडे बसवलं काय, तिला सारखंच. दात मी रोज घासतो, दोन वेळा, आणि ती तोंड उघडून देते. कशालाच विरोध करत नाही. दुखतं का, असं मी रोज विचारतो, एकेका जागेवर बोट ठेवून विचारतो. हात मात्र तिनं पुन्हा कधी उचलला नाही. सुरुवातीला मी तासन् तास शेजारी बसायचो, माझा हात तिच्या मांडीवर उताणा ठेवून, पाचव्या वेळेची वाट बघत.

परवा सकाळी मीच तिचा हात उचलला आणि माझ्या गालावर ठेवला. दोन्ही हातांनी दाबून धरला, जसा तिनं धरला होता. तिची बोटं गार होती. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं थोडा वेळ हात तसाच राहू दिला, मग तो तिच्या नकळत घसरून खाली आला, आणि ती शालीच्या काठाचा एक दोरा ओढत बसली.